निमगोरी

आमच्या घराण्यात तंबाखूला कोणी कधी शिवले नाही, असे मी सोयरिकी जुळवताना अनेकदा छातीठोकपणे सांगितले आहे. ते खरे नाही. आजोबांची चंची अजून माळ्यावर आहे. आजी मशेरी लावायची. आणि वडील रोज संध्याकाळी फिरायला जात ते केवळ फिरण्यासाठी नव्हे, हे परत आल्यावर त्यांच्या तोंडाला येणाऱ्या बडीशेपेच्या वासावरून साऱ्या घराला कळत असे. मात्र सिगार नावाची वस्तू आमच्या उंबरठ्याच्या आत प्रथम आली ती गेल्या दिवाळीत, आणि तीही थेट अमेरिकेहून, भाच्याच्या बॅगेतून.

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा मुलगा. कनेटिकट राज्यात हार्टफर्ड नावाचे गाव आहे, तिथे एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. हार्टफर्ड हे विम्याचे गाव. आपल्याकडे जसे पैठणला गेले की पैठणी, तसे तिथे गेले की विमा. असा माझा समज. पण भाच्याने काचेच्या नळ्यांत घातलेल्या दोन सिगारी माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "मामा, ही आमच्या गावची स्पेशालिटी. वरचं पान आमच्याकडचं आहे."

"अरे, पण मी ओढत नाही."

"ओढायची नाहीच मुळी! चाखायची. धूर आत घ्यायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा."

पदरचे पैसे मोजून घेतलेली वस्तू तोंडात घोळवून सोडून द्यायची, हे आमच्या घराण्याच्या शिकवणुकीत बसत नव्हते. पण भाच्याने एक छापील तक्ताही आणला होता. सिगारीला गुण कसे द्यायचे त्याचा. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला गुण द्यायला मिळणार म्हटल्यावर तो किती वेळ नाही म्हणणार?

तक्ता वाचता वाचता मला तो ओळखीचा वाटू लागला. प्रथम रंग पाहावा. मग कांती पाहावी. तुकतुकीत आहे की कोरडी. शिरा वर आलेल्या नाहीत ना, डाग नाही ना, बांधा सारखा आहे की कुठे पोचट, कुठे टणक, हे बोटांनी हलकेच दाबून पाहावे. (हे एक सोडले तर) हा सरळसरळ मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. फक्त कांदेपोहे नव्हते आणि "गाता येतं का?" हा प्रश्न नव्हता.

आणि रंगाचे प्रकार तर काय सांगावेत! आपल्या विवाहविषयक जाहिरातींनी लाजून मान खाली घालावी. क्लारिसिमो, क्लारो, कोलोरादो क्लारो, कोलोरादो, कोलोरादो मादुरो, मादुरो, ओस्कुरो. म्हणजे आपल्या भाषेत गोरीपान, गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी आणि "मुलगी स्वभावाने चांगली आहे". भाच्याने आणलेली सिगार यात कुठे बसते ते आम्ही उजेडात धरून पाहिले. निमगोरी ठरली.

ताई शेजारी करंज्यांना मुरड घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हा कार्यक्रम मी अकरा वेळा दिलाय. पोह्यांसकट."

मी तक्ता मिटला. भाचा हसला, पण त्याला त्यातले फारसे ठाऊक नव्हते. मला होते. त्याबद्दल पुढे येईलच.

कुठलीही गोष्ट चाखण्याआधी तिच्याविषयी वाचून घ्यावे, हा मास्तर लोकांचा जुना रोग. लाडवाला हात घालण्याआधी आम्ही लाडवाची सनावळी बघतो. तेव्हा चाखण्याचा मुहूर्त दोन दिवस पुढे ढकलून मी सिगारीचा इतिहास धुंडाळला.

1492 च्या ऑक्टोबरअखेर कोलंबसाची माणसे क्यूबा बेटावर उतरली. आपण आशियात पोचलो अशी या गृहस्थाची खात्री होती. त्याने दोघांना बेटाच्या आत पाठवले, कुणी बादशहा-बिदशहा भेटतो का पाहायला. बादशहा भेटला नाही. भेटली ती पानांची गुंडाळी पेटवून धूर पिणारी तायनो लोकांची मंडळी. त्या दोघांतला रॉद्रिगो दे हेरेस हा स्पेनला परतला तो ही सवय घेऊनच, आणि तोंडानाकातून धूर सोडणारा हा मनुष्य सैतानाला सामील आहे असे वाटून त्याला धर्मसभेने तुरुंगात घातले, अशी कथा सांगतात. तो सुटून येईपर्यंत, म्हणे, सगळे गाव धूर सोडू लागले होते. ही कथा खरी असो-नसो, समाजसुधारकांच्या चरित्रात नेहमी आढळते त्या जातीची आहे.

ही तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली आणि दक्षिणेत अशी पसरली की 1604 च्या सुमारास अकबराचा असदबेग नावाचा सरदार विजापुरास गेला, तेव्हा त्याला ती तिथे दिसली. उत्तरेत ही वस्तू त्याने पाहिली नव्हती. त्याने रत्नजडित नळी करवली आणि बादशहासमोर तबकात मांडली. भारतातला तंबाखू चाखण्याचा हा पहिला नोंदलेला समारंभ. बादशहाने दोन झुरके घेतले. राजवैद्य पुढे झाले आणि म्हणाले, आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, तेव्हा आपण घेऊ नये. असदबेगाने वाद घातला की ग्रंथात नाही म्हणून एखादी वस्तू वाईट कशी? प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. वाद असदबेगाने जिंकला, बादशहाने त्याची तारीफ केली, आणि तंबाखू ओढायची मात्र नाही ती नाहीच. वाद एकाचा मान्य करावा आणि सल्ला दुसऱ्याचा ऐकावा, याला मुत्सद्दीपणा म्हणतात. दरबारी मंडळींनी उरलेली तंबाखू वाटून घेतली. पुढे 1617 साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले ते कोणत्याही पानपट्टीवर जाऊन पाहावे.

आपला 'चिरूट' हा शब्द मी इंग्रजीतून आलेला समजत होतो. तो तमिळ निघाला! 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. साहेबाने तो उचलून 'चेरूट' केला आणि आपण साहेबाकडून घेतला. म्हणजे शेजारच्या घरची वाटी विलायतेला जाऊन आमच्याकडे आली. तिरुचिरापल्लीची चिरूट एके काळी इतकी प्रसिद्ध होती की 1887 साली छापून आलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो गुप्तहेर जमिनीवरची राख पाहून सांगतो, की खुनी मनुष्य तिरुचिरापल्लीची चिरूट ओढतो. आमच्या वाड्यात कोणी विडी ओढली हे राखेवरून ओळखणारी एकच व्यक्ती होती. आजी. तिच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही.

पण हे सगळे झाले काळ्याकरड्या, जहाल चिरुटांचे. ही निमगोरी कुठून आली?

सिगारीत तीन थर असतात. आत भरणा, त्याला आवळून धरणारे एक पान, आणि सगळ्यांच्या वर दिसते ते देखणे पान. एकोणिसाव्या शतकात डच लोकांनी सुमात्रा बेटावर डेली भागात तंबाखूचे मळे घातले. 1863 सालची गोष्ट. तिथले पान इतके पातळ, गुळगुळीत आणि फिक्या रंगाचे निघाले की जगातल्या सिगारवाल्यांनी वरच्या पानासाठी त्याच्यावर उड्या टाकल्या. मळ्यांवर चिनी आणि जावानी मजूर राबत होते. त्यांच्या हालांची वर्णने मी वाचली. ती विनोदी लेखात घालता येत नाहीत. हार्टफर्डच्या आसपास, कनेटिकट नदीच्या खोऱ्यातही जुनी तंबाखू होती. पण तिचे पान जाड, राठ, उन्हाने रापलेले. सुमात्रापुढे तिला कोण विचारतो? अमेरिकन सरकारने 1890 साली परदेशी पानावर जबर जकात बसवून पाहिली, तरी गिऱ्हाइकाला गोरेच पान हवे.

तेव्हा तिथल्या शेतकी शास्त्रज्ञांनी डोके चालवले. 1900 साली हार्टफर्डजवळच्या विंडसर गावी त्यांनी सुमात्राचे बी पेरले आणि सबंध शेतावर खांब रोवून, तारा ओढून, वर पांढऱ्या विरविरीत कापडाचा मांडव घातला. मांडवाखाली ऊन चाळून येते, दमटपणा टिकतो. रोप पुरुषभराच्या वर वाढते, आणि पान पातळ, नाजूक, बारीक शिरांचे, फिक्या रंगाचे होते. मग एकेक पान हाताने खुडायचे, दाभणाने दोऱ्यात ओवायचे आणि लाकडी कोठारात टांगून वाळवायचे. इतके लाड आमच्याकडे फक्त जावयाचे होतात.

हे वाचले आणि मी पुस्तक खाली ठेवले.

ताई अठरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पहिले दोन नकार आले होते. "मुलगी हुशार आहे, पण..." या 'पण'च्या पुढे कोणी काही लिहीत नसे. तिसऱ्या मुलाचे वडील आमच्या ओसरीवर बसून, पोह्यांचा दुसरा वाडगा संपवून म्हणाले, "मुलगी उन्हात फार हिंडते वाटतं?" झाले. आईने तो वैशाख ताईला माजघराबाहेर पडू दिले नाही. साय आणि डाळीचे पीठ. कॉलेजच्या मुलींचे शिबिर जायचे होते, त्यात ताईचे नाव होते, ते रद्द झाले. खिडकीला आजीचे जुने पांढरे लुगडे बांधले होते. ऊन त्यातून चाळून यायचे. मी दहा वर्षांचा. ताई त्या लुगड्याआड बसून पुस्तक वाचायची, आणि मी बाहेरून तिला विहिरीवर कोण कोण पोहतंय ते सांगायचो. दोन महिन्यांनी ताई बाहेर आली. रंग होता तोच होता. शिबिर मात्र गेले ते गेलेच.

आता त्या मांडवाखाली राबत कोण होते ते ऐका. 1944 चा उन्हाळा. महायुद्धामुळे मजूर मिळेनात. मळेवाले दक्षिणेतल्या काळ्या विद्यार्थ्यांना सुट्टीत कामाला आणत. अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजची मुले सिम्सबरी गावच्या मळ्यावर यायची. फीचे पैसे सुटत. त्या उन्हाळ्यात त्यांच्यात पंधरा वर्षांचा एक पोरगा होता. मार्टिन ल्यूथर किंग. हो, तोच. गोऱ्या पानांच्या मांडवाखाली घामाने निथळत काळी पोरे पाने खुडत होती. पण गंमत पुढेच आहे. या पोराने घरी पत्रे लिहिली, की इथे आम्हांला कोणी अडवत नाही, देवळात गोऱ्यांच्या शेजारी बसतो, हार्टफर्डला जाऊन चांगल्या हॉटेलात जेवलो. इतके दिवस आपण कशाला मुकलो होतो, ते त्याला तंबाखू खुडता खुडता कळले. समाजासाठी काहीतरी केलेच पाहिजे ही ओढ आपल्याला त्याच उन्हाळ्यात लागली, असे त्याने पुढे धर्मशिक्षणाच्या अर्जात लिहिले आहे. परतताना गाडी वॉशिंग्टनच्या पुढे दक्षिणेकडे लागली, आणि जेवणाच्या डब्यात त्याला पडद्यामागे बसवण्यात आले. तो पडदा आपल्या अस्तित्वावरच पडला असे वाटले, ही आठवण त्याने मोठेपणी सांगितली. 1947 च्या उन्हाळ्यात तो पुन्हा त्या मळ्यावर गेला.

एक कापड पानांवर, ती गोरी राहावीत म्हणून. एक कापड माणसांपुढे, ती काळी दिसू नयेत म्हणून. आणि एक आमच्या माजघराच्या खिडकीला.

असो. सिगार.

पुढे 1962 च्या फेब्रुवारीत अध्यक्ष केनेडींनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. तिच्यावर सही करण्याआधी त्यांनी आपल्या वृत्तसचिवाला, पिएर सॅलिंजरला, बोलावून हजारभर क्यूबन सिगारी गोळा करायला सांगितले. सकाळी त्याने बाराशे आणून दिल्या आणि मग बंदीवर सही झाली. ही हकीकत त्या सॅलिंजरनेच नंतर सांगितली. आपल्याकडे नोटबंदीच्या रात्री जे सोनाराकडे धावले, त्यांना आपण उगीच नावे ठेवली. बंदीनंतर सिगारीचे कारखाने जमैका, डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास इकडे वाढले, आणि सौम्य भरणा, वर कनेटिकटचे सावलीतले पान, अशी सिगार अमेरिकेत घरोघर झाली. आता तर ते बी इक्वाडोरमध्येही लावतात. तिथे ढगच इतके असतात की कापडाचा खर्च वाचतो. कनेटिकटातली मांडवांची शेते आटली. भाचा राहतो त्या वसाहतीच्या वाटेवर जुनी लाकडी कोठारे उभी आहेत म्हणे. पोरे त्यांच्यापुढे फोटो काढतात.

अखेर पाडव्याच्या संध्याकाळी चाखण्याचा समारंभ गच्चीत झाला. गच्चीत, कारण बायको म्हणाली, "अहो, घरात पेटवलीत तर फराळ शेजारी नेऊन खावा लागेल." परीक्षक तिघे: मी, भाचा, आणि शेजारचे आप्पा. आप्पा अबकारी खात्यात होते, आणि निपाणीला तंबाखूची वखारीत पाहणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. ताई दिवा लावायला म्हणून वर आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

लांबी पाच इंच. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, ती पन्नास. "म्हणजे सव्वासहा सूत," आप्पा म्हणाले. टोक कापायचे खास हत्यार भाचा विसरला होता, म्हणून आजोबांच्या चंचीतला अडकित्ता आणला. टोक उडाले, आणि बरोबर निमगोऱ्या पानाचा तुकडाही सुटून आला. पेटवण्याआधी कोरडा झुरका घेऊन वास सांगायचा होता. मी डोळे मिटून घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "हिंग."

भाचा गोंधळला. तक्त्यात हिंग नव्हता. चौकशीअंती कळले, की दोन दिवस त्या सिगारी बायकोने फडताळात हिंगाच्या डबीशेजारी ठेवल्या होत्या. सिगारीला शेजार लागतो. माणसासारखेच.

सात काड्या खर्चून ती पेटली. मिनिटाला एक झुरका, घाई करायची नाही. पहिल्या तिसऱ्या भागात मला शाळेत पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास आला. "देवदार! बरोबर, मामा!" दुसऱ्या भागात वाळलेले गवत, थोडे भाजलेल्या बदामासारखे, आणि साखर न घातलेले कोमट दूध. राख पांढुरकी, एकसंध, इंचभर न पडता टिकली. तिखटपणा जवळजवळ नाही. सभ्य, मितभाषी, कोणाला दुखवणार नाही अशी चव. लग्नाला उभ्या केलेल्या मुलीने पाहुण्यांपुढे बोलावे तशी.

आप्पांनी एकच झुरका घेतला. "वरचं पान नाजूक आहे," ते म्हणाले, "पण कडकपणा आतल्या मालावर. झाडाच्या शेंड्याचं पान सगळ्यांत जास्त ऊन खातं, तेच जोरकस."

हे तक्त्यातही होते. त्या शेंड्याच्या पानाला स्पॅनिश भाषेत 'लिगेरो' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'हलका', आणि काम सगळ्यांत जड. गोऱ्या पानाची सिगार सौम्यच असते असे नाही, आणि काळी मादुरो पुष्कळदा गोडसर निघते. वरच्या पानाचा चवीत वाटा किती यावर जाणकार अजून भांडतात. पण रंगावरून ताकद सांगू नये यावर त्यांचे एकमत आहे. मी त्यांना मार्क ट्वेनची गोष्ट सांगितली. त्याच्या स्वस्त, घाणेरड्या सिगारींना मित्र भीत असत. त्याने एका श्रीमंत मित्राच्या महागड्या सिगारी घेतल्या, त्यांच्यावरच्या लाल-सोनेरी पट्ट्या काढल्या, आपल्या बदनाम पेटीत घातल्या आणि जेवणानंतर पाहुण्यांना दिल्या. सकाळी त्या सगळ्या दार आणि फाटक यांच्यामध्ये पडलेल्या सापडल्या. एकच नव्हती. ती त्या श्रीमंत मित्राने त्याच्या ताटात ठेवली होती.

"म्हणजे," ताई कठड्यावरून म्हणाली, "सावलीत ठेवलं की गोरं, उन्हात राहिलं की काळं. आणि जोर असतो तो उन्हातल्यात. एवढं कळायला तुम्हांला अमेरिकेहून तक्ता मागवावा लागला?"

कोणी काही बोलले नाही. भाचा आईकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "आई, अकरा वेळा खरंच?"

"बारावे तुझे बाबा. ते आले तेव्हा दिवे गेले होते. कंदिलात काय दिसणार? मला विचारलं, हल्ली काय वाचता. मी सांगितलं. तासभर बोलत बसलो. पोहे निवून गेले."

तिसरा भाग चाखायचा राहिला, कारण मला घाम फुटला होता आणि समोर दोन आप्पा दिसत होते. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. धूर आत न घेताही तोंडातल्या तोंडात तंबाखू आपला हिशेब चुकता करते. तोंडाचा कर्करोग रंग विचारून येत नाही. आमच्या वडिलांच्या बडीशेपेलाही ती शेवटी फसली नव्हती. मी लिंबू-सरबत घेऊन आडवा झालो. तक्त्यावर शंभरांपैकी 82 गुण दिले. हिंगाचे कापले नाहीत, कारण तो आमचा दोष.

दुसरी सिगार ताईने मागून घेतली. मला वाटले, हिला काय झाले? तर ती म्हणाली, लग्नाच्या शालूला कसर लागत्येय, आणि तंबाखूच्या पानाने कसर येत नाही असे आजी सांगायची. आता ती निमगोरी ताईच्या ट्रंकेत, जांभळ्या शालूच्या घडीत आहे. जांभळा रंग सावळ्या मुलीला खुलत नाही, असे त्या वेळी सगळे म्हणाले होते. तिने तोच घेतला होता.